कीटकांचा श्वास प्रत्यक्ष पाहायचा असेल तर: मुंबईतल्या घरी, बागेत आणि मासळीबाजारात करण्याजोगी निरीक्षणे

झुरळाचे डोके तुटले तरी त्याचे धड कित्येक दिवस जिवंत राहू शकते. यात चमत्कार काही नाही. झुरळ नाकातोंडाने श्वास घेतच नाही, त्यामुळे डोके गेले म्हणून त्याचा श्वास थांबत नाही. ते मरते ते पुढे पाणी आणि अन्न न मिळाल्याने. कीटक श्वासरंध्रांनी श्वसन करतात हे वाक्य शाळेत सगळ्यांनी पाठ केलेले असते, पण ती रंध्रे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसे थोडी असतात, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे आपण प्राण्याचा श्वास शोधताना आधी त्याच्या तोंडाकडे पाहतो. कीटकाच्या बाबतीत पाहायचे ते कुशीकडे. एवढे ध्यानात ठेवले तर बाकीचे काम एक भिंग, एक मोबाइल आणि थोडी चिकाटी यांवर भागते. ही निरीक्षणे पालकांना मुलांबरोबर करता येतील आणि शिक्षकांना माध्यमिक वर्गांसाठी प्रकल्प म्हणूनही देता येतील.

निरीक्षणापूर्वी समजून घ्यायचा फरक

आपल्या शरीरात ऑक्सिजनचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. हवा फुप्फुसापर्यंत येते आणि तिथून पुढे रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन उचलून पेशींपर्यंत नेते. माशात फुप्फुसाच्या जागी कल्ले असतात, गांडुळात ओलसर त्वचा असते, बेडकात त्वचा आणि फुप्फुस दोन्ही असतात. मात्र पुढची वाहतूक या सर्वांमध्ये रक्तच करते. कीटकाने हा दुसरा टप्पा जवळजवळ वगळला आहे. त्याच्या शरीराच्या दोन्ही बाजूंना असलेल्या श्वासरंध्रांतून हवा श्वासनलिकांत शिरते, या नलिकांना फाटे फुटत जातात, आणि शेवटच्या सूक्ष्म नलिका, ज्यांची जाडी एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) कमी असू शकते, थेट पेशींना जाऊन भिडतात. उडण्याच्या स्नायूंमध्ये तर त्या स्नायुतंतूंच्या आत खोलवर घुसलेल्या असतात. थोडक्यात, कीटकाच्या पेशीपाशी हवाच पोहोचते, तिला रक्ताची मध्यस्थी लागत नाही. म्हणूनच बहुतेक कीटकांच्या रक्तात हिमोग्लोबिन नसते आणि ते रंगहीन किंवा फिकट पिवळसर, हिरवट दिसते. डास चिरडल्यावर हातावर उमटणारा लाल डाग त्याच्या स्वतःच्या रक्ताचा नसून त्याने आपल्याला किंवा दुसऱ्या कोणाला चावून घेतलेल्या रक्ताचा असतो.

ही व्यवस्था चालते कशी, याचे उत्तर विसरणाच्या, म्हणजे वायू जास्त असलेल्या जागेकडून कमी असलेल्या जागेकडे आपोआप पसरण्याच्या, वेगात आहे. ऑक्सिजन पाण्यातून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट वेगाने तो हवेतून पसरतो. ऑगस्ट क्रोग या डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने, ज्यांना १९२० साली केशवाहिन्यांवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, लाकूड पोखरणाऱ्या एका मोठ्या अळीच्या श्वासनलिका मोजून हिशेब मांडला आणि निव्वळ विसरणानेही त्या अळीची गरज भागू शकते असे दाखवले. मात्र विसरणाला एक मर्यादा आहे: अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. झुरळ मांजराएवढे का होत नाही, या मुलांच्या आवडत्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग या गणितात आहे (दुसरा भाग बाह्य कवचाचे वजन आणि ते टाकतानाचे धोके यांत आहे). सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी पंखांचा विस्तार पासष्ट-सत्तर सेंटिमीटर असलेले चतुरासारखे कीटक पृथ्वीवर होते, आणि त्या काळी हवेत आजच्यापेक्षा जास्त ऑक्सिजन होता हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

साहित्य आणि काही नियम

दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोबाइलचा कॅमेरा, रुंद तोंडाची पारदर्शक काचेची बरणी, तिच्यावर बांधायला मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा, पांढरी बशी, ड्रॉपर, चिमटा आणि रबरी हातमोजे एवढे पुरते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कोणताही जीव, अगदी कातही, उचलून आणायची नाही. संरक्षित वनात तसे करणे कायद्याने गुन्हा आहे. त्याची गरजही पडत नाही. सोसायटीची बाग, जिन्याखालचा कोपरा, गच्चीवरच्या कुंड्या आणि बाजार यांतून सगळे मिळते.

पहिली पायरी: अळीच्या कुशीवरची रंध्रे मोजणे

सुरुवात झुरळापासून न करता मोठ्या, केस नसलेल्या अळीपासून करावी, कारण तिच्या अंगावरची रंध्रे सर्वांत स्पष्ट दिसतात. मुंबईत सोसायट्यांच्या कुंपणाला तगर आणि कण्हेर सर्रास लावलेले असतात आणि पावसाळ्यात व त्यानंतर त्यांच्यावर कण्हेरीच्या हॉकमॉथ पतंगाची बोटाएवढी जाड अळी येते. तिच्या पाठीवर डोक्याच्या मागे निळसर डोळ्यांसारखे दोन ठिपके असतात आणि शेपटीकडे एक छोटे शिंग असते. पानांची कुरतड आणि झाडाखाली पडलेल्या जाड लेंड्या दिसल्या की वर शोधावे. फांदी तोडायची नाही. अळीला फांदीवरच राहू द्यावे आणि भिंग डोळ्याजवळ धरून आपण पुढे सरकावे. तगर आणि कण्हेर यांचा चीक विषारी असल्याने नंतर हात साबणाने धुवावेत.

अळीच्या एका बाजूला, पायांच्या थोडे वर, एका ओळीत लंबगोल काळसर ठिपके दिसतील. डोक्याकडून मोजायला लागावे. पहिले रंध्र डोक्याला लागून असलेल्या खंडावर असते. त्यानंतरचे दोन खंड रिकामे जातात. मग सलग आठ खंडांवर प्रत्येकी एक रंध्र असते. एका बाजूला नऊ, म्हणजे एकूण नऊ जोड्या. मधले दोन रिकामे खंड ही गफलत नाही: पुढे पतंग झाल्यावर याच दोन खंडांवर पंख येणार असतात. अशी अळी सापडली नाही तर लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावरची फुलपाखराची हिरवी अळी चालते, पण तिची रंध्रे फिकी असल्याने उन्हात तिरप्या प्रकाशात पाहावी लागतात.

दुसरी पायरी: टाकलेली कात

माझ्या मते सगळ्या निरीक्षणांत हे सर्वांत बोलके आहे, आणि पुस्तकांत त्याला जेमतेम एक ओळ मिळते. कीटकाच्या श्वासनलिका म्हणजे त्याच्या बाहेरच्या कवचाचाच आत वळलेला भाग. त्यामुळे कात टाकताना तो केवळ अंगावरचे कवच टाकत नाही, तर मोठ्या नलिकांचे आतले अस्तरही रंध्रांतून बाहेर ओढून टाकतो. तळ्याच्या काठच्या लव्हाळ्यावर किंवा दगडावर चिकटलेली चतुराची रिकामी कात, झाडाच्या बुंध्याला पकडून बसलेली रातकिडीची म्हणजे सिकाडाची कात, किंवा घरातल्या कपाटामागे सापडणारी झुरळाची कात घ्यावी. पाठीवर जिथे ती उकलली आहे तिथून आत डोकावले तर पांढरे बारीक दोरे लोंबताना दिसतात. चतुराच्या कातीत ते साध्या डोळ्यांनीही दिसतात. ते दोरे म्हणजे त्या प्राण्याच्या जुन्या श्वासनलिका.

असा एक दोरा चिमट्याने सोडवून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवावा आणि शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. नळीच्या भिंतीत गोल गोल फिरत गेलेली कायटिनची, म्हणजे कीटकाच्या कवचातल्याच पदार्थाची, जाडसर घडण दिसते. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीत तारेचे वेटोळे असते आणि त्यामुळे नळी वाकली तरी चिमटत नाही, तेच काम ही घडण करते.

तिसरी पायरी: मेलेले झुरळ

गटाराच्या झाकणाजवळ किंवा न्हाणीघरात मोठे लालसर झुरळ मेलेले सापडतेच. ते फवारणीने मेले असण्याची शक्यता धरून हातमोजे घालावेत. झुरळाला श्वासरंध्रांच्या दहा जोड्या असतात: दोन छातीच्या भागात आणि आठ पोटाच्या भागात. पोटाची रंध्रे पाठीच्या आणि पोटाच्या पट्ट्यांमधल्या मऊ पडद्यात दडलेली असल्याने बशीत झुरळ कुशीवर ठेवून चिमट्याने पट्ट्या किंचित अलग कराव्या लागतात. छातीची रंध्रे मोठी असतात आणि पंख व पाय बाजूला सारल्यावर ती लवकर सापडतात. रंध्राला झडप असते. ती उघडायची केव्हा हे मुख्यतः शरीरात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर ठरते, आणि या बाबतीत कीटक आपल्याहून फार वेगळे नाहीत, कारण आपल्याला श्वास कोंडल्यावर होणारी तगमगही ऑक्सिजनच्या कमतरतेपेक्षा साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळेच अधिक होते. काही पतंगांच्या कोषांत तर झडपा तासन्‌तास जवळजवळ बंद राहतात आणि मग एकदम उघडून साठलेला वायू बाहेर टाकला जातो. झडप मिटलेली ठेवल्याने शरीरातले पाणी वाचते.

चौथी पायरी: नाकतोड्याच्या पोटाची हालचाल

कीटकांचा श्वास केवळ आपोआप होणाऱ्या विसरणावर चालतो, असे पाठ्यपुस्तक वाचून वाटू शकते. मोठ्या आणि चपळ कीटकांच्या बाबतीत ते अपुरे आहे. नाकतोडा, मधमाशी, गांधीलमाशी यांच्या शरीरात श्वासनलिकांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि पोटाचे स्नायू आकसून-सैलावून त्या पिशव्यांतली हवा बदलली जाते. उडताना ऑक्सिजनची गरज विश्रांतीच्या कित्येक पटींनी वाढते, तेव्हा ही हालचाल नसती तर त्यांचे भागले नसते.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात मैदानाच्या कडेच्या गवतात मोठा नाकतोडा मिळतो. त्याला बरणीत ठेवून कापड बांधावे, आत गवताची दोन पाती टाकावीत आणि त्याला शांत होऊ द्यावे. मग मोबाइलवर बाजूने चित्रफीत घ्यावी. पोट लांबते-आखडते किंवा वरखाली होते, ती प्रत्येक हालचाल मोजावी. अर्ध्या मिनिटाची मोजणी तीनदा करून सरासरी काढावी. शांत नाकतोडा मधूनच काही क्षण पोट अजिबात हलवत नाही, म्हणून एकच मोजणी फसवी ठरते. यानंतर तीन बदल करून पाहावेत. बरणी हलकेच तिरपी करून त्याला काही उड्या मारायला लावाव्यात आणि लगेच पुन्हा मोजावे. पूर्ण शांत झाल्यावर बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काही मिनिटे ठेवून, म्हणजे बर्फाच्या कप्प्यात नव्हे, बाहेर काढल्या काढल्या मोजावे. आणि शेवटी, तो पुन्हा खोलीच्या तापमानाला आल्यावर, कापडातून स्ट्रॉ घालून आपल्या उच्छ्वासाची हवा बरणीत हळू सोडावी. आपल्या उच्छ्वासात सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, आणि पोटाची हालचाल वाढलेली दिसते. कापड सोडून ताजी हवा लागू दिली की ती पूर्ववत होते. नाकतोड्यात साधारणपणे पुढच्या चार जोड्यांतून हवा आत येते आणि मागच्या सहा जोड्यांतून बाहेर जाते, म्हणजे हवा एकाच दिशेने वाहते. हे मात्र डोळ्यांनी दिसत नाही. काम झाल्यावर नाकतोडा जिथून आणला तिथेच सोडावा.

फुलावर किंवा खिडकीच्या कठड्यावर येऊन बसलेल्या गांधीलमाशीचे पोटही असेच भराभर हलताना दिसते. ते लांबूनच पाहणे शहाणपणाचे.

पाचवी पायरी: पाण्यातले कीटक

इथे एक गंभीर सूचना आधी. डासांच्या अळ्या घरात मुद्दाम तयार होऊ द्यायच्या नाहीत. महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घरोघर तपासणी करतात, नोटिसा देतात आणि ते योग्यच आहे. कुंडीखालची बशी, ताडपत्रीची घडी, गच्चीवरचा टायर यांत आधीच साठलेल्या पाण्यात अळ्या असतील तर त्यातल्या चारपाच ड्रॉपरने काचेच्या पेल्यात घ्याव्यात, पेल्यावर कापड बांधावे, उरलेले पाणी तिथल्या तिथे ओतून टाकावे, आणि पेल्यातले निरीक्षण त्याच दिवशी संपवावे.

पेला पांढऱ्या कागदापुढे धरला की अळीच्या श्वासाची जागा लगेच कळते. क्युलेक्स डासाची अळी डोके खाली करून तिरपी लोंबकळते आणि तिच्या शेपटीकडची लांब श्वसननळी पृष्ठभागाला टेकलेली असते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसच्या अळीची नळी आखूड आणि जाड असते. मलेरियाच्या ॲनाफिलीसला नळीच नसते, म्हणून ती पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. मुंबईत गच्चीवरच्या टाक्यांत वाढणारा मलेरियाचा डास हाच, आणि टाकीचे झाकण घट्ट बसलेले असण्यावर जो भर दिला जातो तो त्यामुळेच. अळीनंतरच्या कोषावस्थेत श्वासाची जागा बदलते: छातीवर दोन छोटे कर्णे उगवतात आणि कोष त्यांच्या आधाराने पृष्ठभागाला लटकतो. पेल्यावर हाताची सावली पाडली की सगळे तळाकडे झेपावतात. ते वर यायला किती वेळ घेतात हे घड्याळावर पाहून लिहावे. म्हणजे पाण्यात राहूनही हे जीव हवेचाच श्वास घेतात. निरीक्षण संपले की पाणी कोरड्या मातीवर किंवा तापलेल्या फरशीवर ओतावे. मोरीत किंवा गटारात ओतू नये.

तळ्यात याहून वेगळ्या युक्त्या दिसतात. पाणभुंगा पंखांखाली हवेचा बुडबुडा घेऊन बुडी मारतो. आत ऑक्सिजन कमी झाला की पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन बुडबुड्यात शिरतो, त्यामुळे मूळ साठ्यापेक्षा जास्त काळ तो पाण्याखाली राहू शकतो. मात्र नायट्रोजन हळूहळू पाण्यात विरत जाऊन बुडबुडा लहान होतो आणि भुंग्याला वर यावेच लागते. टाचणी या चतुराच्या सडपातळ भाऊबंदाच्या पिलाला शेपटीशी पानांसारखे तीन कल्ले असतात, तर चतुराचे पिल्लू गुदाशयातल्या कल्ल्यांवर पाणी आतबाहेर करते आणि धोका दिसला की तेच पाणी जोराने मागे फेकून पुढे सटकते. मत्स्यालयाच्या दुकानांत माशांचे खाद्य म्हणून ज्या लाल अळ्या गोठवून विकतात, त्या कायरोनोमस नावाच्या, न चावणाऱ्या चिलटांच्या असतात. चिखलात ऑक्सिजन इतका कमी असतो की त्यांनी अपवाद म्हणून हिमोग्लोबिन बाळगले आहे, आणि त्यांचा लाल रंग त्याचाच.

सहावी पायरी: तुलनेसाठी इतर प्राणी

यासाठी मासळीबाजारासारखी प्रयोगशाळा नाही. बांगड्याचे झाकण उचलून मावशी ताजेपणा दाखवतात, ते लाल दिसते कारण कल्ल्यांच्या पातळ पापुद्र्यांमधून रक्त वाहत असते. लिटरभर हवेत सुमारे दोनशे दहा मिलिलिटर ऑक्सिजन असतो, तर लिटरभर पाण्यात फार तर दहा मिलिलिटर. एवढ्या तुटपुंज्या साठ्यातून ऑक्सिजन काढायचा म्हणून माशाच्या कल्ल्यात पाणी आणि रक्त परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात. जिवंत चिंबोऱ्यांच्या टोपलीपाशी थोडे थांबावे: त्यांच्या तोंडाशी फेस येतो, तो कल्ल्यांच्या पोकळीत धरलेल्या पाण्यात हवा मिसळल्याने. कल्ले ओले असेपर्यंत चिंबोरी पाण्याबाहेर तग धरते, म्हणूनच कोळी ती ओल्या गोणपाटात ठेवतात. ओहोटीच्या वेळी शिवडीच्या किंवा ठाणे खाडीच्या चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतात. मासा असूनही त्या ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला ऑक्सिजन घेतात.

पावसाळ्यात बागेतली मोठी गोगलगाय पाहावी. शंखाच्या कडेखाली, तिच्या उजव्या बाजूला, एक छिद्र काही वेळाने उघडते आणि मिटते. कीटकाच्या रंध्राची आठवण होते, पण हे एकच छिद्र फुप्फुसाच्या पोकळीत उघडते आणि पुढचे काम रक्ताचे असते. या गोगलगायींमधून माणसाला घातक असे जंत पसरू शकतात, म्हणून उघड्या हाताने त्यांना शिवू नये. भिंतीवरच्या पालीच्या कुशी फासळ्यांबरोबर हलतात; बेडकाला फासळ्यांचा पिंजरा नसल्याने तो गळा फुगवून हवा आत ढकलतो. कोळी आठ पायांचा, म्हणून कीटक नव्हे, आणि अनेक कोळ्यांत पोटाखाली पुस्तकाच्या पानांसारख्या थरांची फुप्फुसे असतात. पक्ष्यांची हवेच्या पिशव्यांची व्यवस्था विलक्षण असली तरी बाहेरून पाहून तिच्यातले काहीच कळत नाही, त्यामुळे ती या यादीत घेतलेली नाही.

नोंदवहीत प्रत्येक प्राण्यासाठी चारच गोष्टी लिहाव्यात: हवा किंवा पाणी आत शिरण्याची जागा, दिसलेली हालचाल, ऑक्सिजन पुढे कोण नेतो, आणि शरीर कोरडे आहे की ओले. तिसऱ्या रकान्यात कीटकांपुढे ‘नलिका’ आणि बाकी जवळपास सर्वांपुढे ‘रक्त’ येते. वाणी म्हणजे पैसा किडा कीटक नसूनही त्याच्यापुढे ‘नलिका’ येते, हे मुलांना शोधू द्यावे.

घरात याचा उपयोग

इटलीतील बोलोन्याचे वैद्य मार्चेल्लो मालपिगी यांनी १६६९ साली रेशमाच्या किड्याची अंतर्रचना प्रसिद्ध केली. किड्याच्या रंध्रांना तेल लावले की तो मरतो, हे त्यांनी तपासले होते. डासांच्या पैदाशीच्या साचलेल्या पाण्यावर तेल टाकण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर चालते. झुरळावर साधे पाणी ओतले तर ते मरत नाही, कारण रंध्रांभोवतीचा मेणचट थर पाणी दूर ठेवतो आणि झडपा मिटतात. पाण्यात भांडी घासण्याचा द्रव साबण मिसळला की पृष्ठताण कमी होतो, पाणी रंध्रांत शिरते आणि झुरळ गुदमरते. बोरिक पावडरीने मात्र झुरळ गुदमरते असे जे म्हटले जाते ते चुकीचे आहे; ती अंगाला चिकटते, झुरळ अंग साफ करताना ती पोटात जाते आणि तिथे काम करते. झुरळांसाठीचा खडू मज्जासंस्थेवर परिणाम करतो, त्याचाही श्वासाशी संबंध नाही. साबणाचे पाणी वापरताना ते थेट झुरळाच्या कुशीवर आणि पोटाखाली पडेल असे फवारावे. डोक्यावर किंवा नुसते वाटेवर फवारून काही साधत नाही, आणि द्रव वाळल्यावर त्याचा असर उरत नाही. फवारल्यावर फरशी लगेच पुसून घ्यावी, कारण ओल्या साबणावरून पाय घसरतो.